डोंगराचे पांघरूण

पुण्याहून लोणावळ्यास जाणारी लोकल गाडी मळवली स्थानकावर थांबते. स्थानकाच्या दक्षिणेस थोडे चालत गेले की भाजे हे गाव लागते. गावाच्या डोक्यावर विसापूर किल्ल्याचा डोंगर उभा आहे आणि त्याला लागूनच लोहगड आहे. विसापूरच्या अंगावर, डोंगराच्या मध्यावर, बावीस लेण्यांचा एक समूह आहे. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने हा काळा पाषाण कोरला. तेथील चैत्यगृहाच्या कमानदार छताला बसवलेल्या लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत. बावीसशे पावसाळे आले आणि गेले. परंतु त्या खडकाचे रूप फारसे पालटले नाही.

मात्र डोंगर म्हणजे केवळ खडक नव्हे. खडकावर माती असते, मातीवर गवत असते, झाडे-झुडपे असतात. खडक जितका टिकाऊ, तितकी ही माती नाजूक. खडक झिजून एक इंच माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. पण तीच माती एका पावसाळ्यात वाहून जाऊ शकते. एवढेच नव्हे, ती एका रात्रीत खाली येऊन गावावर कोसळूही शकते. १९८९ सालच्या जुलै महिन्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा याच भाजे गावावर डोंगराची दगडमाती कोसळली. घरे गाडली गेली आणि ३९ माणसे मृत्युमुखी पडली. वर लेणी जशीच्या तशी उभी होती. खाली घरे नाहीशी झाली.

उतारावरच्या या मातीला कोण धरून ठेवते? पाऊस तिला कसा सोडवतो? आणि झाडे-गवत तिचे रक्षण करतात असे आपण म्हणतो, ते कोठवर खरे आहे? या प्रश्नांची उत्तरे डोंगरापाशी राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असली पाहिजेत. ती आपण क्रमाने शोधू या.

प्रथम पावसाचा विचार करू. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि घाटमाथ्यावर आपला भार रिता करतात. लोणावळ्यास वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पुणे शहर तेथून अवघे साठ-पासष्ट किलोमीटर दूर. पण तेथे याच्या पाचव्या हिश्श्याएवढाही पाऊस पडत नाही. मिलिमीटर हे माप ऐकण्यास लहान वाटते खरे. परंतु एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे तेथे एक लिटर पाणी पडले. या हिशेबाने एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर एका एकरावर चार लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. दहा हजार लिटरांचे चाळीस टँकर एका एकरावर रिते केल्यासारखेच हे झाले. मावळात असे दिवस पावसाळ्यात अनेकदा येतात.

हे पाणी उघड्या मातीवर कसे पडते, ते पाहा. पावसाचा मोठा थेंब सुमारे पाच मिलिमीटर व्यासाचा असतो. जमिनीवर पोहोचताना त्याचा वेग सेकंदास नऊ मीटरांच्या आसपास असतो. धावत्या सायकलीपेक्षाही हा वेग अधिक आहे. असा थेंब उघड्या मातीवर आदळला, की मातीचे ढेकूळ फुटते आणि तिचे कण चहूकडे उडतात. अंगणातील भिंतीच्या तळाशी पावसाळ्यात मातीच्या ठिपक्यांचा पट्टा उमटतो, तो तुम्ही पाहिला असेल. तो थेंबांच्या याच माऱ्याने उमटलेला असतो. सपाट जमिनीवर उडालेले कण इकडून तिकडे पडतात, एवढेच. उतारावर मात्र वरच्या बाजूस उडालेल्या कणापेक्षा खालच्या बाजूस उडालेला कण अधिक दूर जातो. अशा रीतीने प्रत्येक थेंबागणिक माती थोडी थोडी खाली सरकते.

शिवाय फुटलेल्या मातीचे बारीक कण जमिनीच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि ती बुजतात. मग पाणी आत मुरेनासे होते व पृष्ठभागावरून वाहू लागते. प्रथम त्याचा पातळ पापुद्रा वाहतो. पुढे त्याच्या बारीक ओघळी होतात. चार ओघळी एकत्र आल्या की घळ पडते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याच्या अंगचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणूनच वर कणाकणाने निघालेली माती खाली पोहोचेपर्यंत पाणी गोटेही लोटू लागते. ओढ्याचे पाणी तांबडे झाले, की समजावे, कोणाच्या तरी शेताची, कोणत्या तरी डोंगराची त्वचा वाहून चालली आहे.

आता याच उतारावर झाडे-झुडपे आहेत असे समजू. वनस्पती येथे एकच काम करत नाहीत. त्यांच्या प्रत्येक अवयवाकडे जणू निराळी कामगिरी सोपवलेली असते.

पहिली कामगिरी पानांची. पाने पावसाचा मारा स्वतःवर झेलतात. काही पाणी पानांवरच राहून सुकते, काही फांद्यांवरून व बुंध्यावरून हळूहळू खाली उतरते, उरलेले ठिबकते. पण येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. झाड फार उंच असेल, तर पानांच्या टोकांवरून ठिबकणारे थेंब खाली येईपर्यंत पुन्हा वेग घेतात. सागाची पाने मोठी असतात. त्यांच्यावर पाणी गोळा होऊन जे थेंब पडतात, ते पावसाच्या थेंबांहूनही टपोरे असतात. म्हणून नुसती उंच झाडे आहेत, पण त्यांच्याखालची जमीन झाडून काढल्यासारखी उघडी आहे, अशा रानात मातीची धूप थांबत नाही. छत्री हवी हे खरे. पण ती जमिनीपासून फार उंच असून चालत नाही.

म्हणूनच दुसरी कामगिरी पालापाचोळ्याची आणि गवताची. झाडाखाली पडलेला वाळका पाला आपल्याला केर वाटतो. परंतु मातीच्या दृष्टीने ते पांघरूण आहे. थेंब पाचोळ्यावर पडतो, त्याचा जोर तेथेच जिरतो आणि पाणी सावकाश खाली झिरपते. गवताची पाती तर जमिनीलगत दाट उभी असतात. वाहत्या पाण्याला ती पावलोपावली अडवतात. गर्दीतून धावता येत नाही, चालावेच लागते. तसे गवतातून पाण्याला चालावे लागते. वेग मंदावला की पाण्याचा जोर ओसरतो आणि वाहून आणलेली माती ते तेथेच टाकून देते.

हे खरे की खोटे, ते तुम्हांला शाळेतही पाहता येईल. दोन सारख्या उथळ पेट्या घ्या. एकीत नुसती माती भरा. दुसरीत माती भरून तीत गवत रुजवा व ते दाट होऊ द्या. दोन्ही पेट्या एका बाजूने सारख्याच उंच करून ठेवा आणि खालच्या टोकाशी एकेक काचेचा पेला मांडा. मग दोहोंवर झारीने सारखेच पाणी घाला. उघड्या मातीखालच्या पेल्यात गढूळ पाणी लवकर जमेल. गवताखालच्या पेल्यात पाणी उशिरा येईल, कमी येईल आणि पुष्कळसे निवळ येईल. ज्याने हा प्रयोग एकदा डोळ्यांनी पाहिला, त्याला दहा पाने वाचून कळणार नाही तेवढे कळते.

उरलेले पाणी गेले कोठे? ते मातीत मुरले. जुनी मुळे कुजून मातीत बारीक नळ्या तयार होतात. गांडुळे व मुंग्या बिळे करतात. कुजलेल्या पाल्याने माती भुसभुशीत होते. या वाटांनी पाणी आत शिरते आणि पुढे कित्येक महिने झऱ्यांच्या रूपाने थोडे थोडे बाहेर येत राहते. ज्या डोंगरावर रान आहे, त्याच्या पायथ्याचा झरा पावसाळा सरल्यावरही वाहत राहतो, तो यामुळेच.

तिसरी आणि सर्वांत गुप्त कामगिरी मुळांची. खेड्यातील घराच्या भिंती लिंपताना मातीत तूस किंवा पेंढा कालवतात, हे तुम्ही पाहिले असेल. नुसत्या मातीला सुकल्यावर भेगा पडतात. पेंढ्याच्या काड्या मातीला सर्व बाजूंनी बांधून ठेवतात. उतारावरच्या मातीत मुळे हेच काम करतात. गवताची मुळे केसासारखी बारीक व असंख्य असतात. ती वरच्या वीतभर मातीचे जाळे विणतात. झुडपांची मुळे त्याहून खोल जातात. झाडांची जाड मुळे खडकाच्या फटींत शिरतात आणि वरच्या मातीला खालच्या खडकाशी खुंटीसारखी जखडून टाकतात. म्हणून एकाच जातीच्या झाडांच्या रांगेपेक्षा गवत, झुडपे आणि लहानमोठी झाडे यांचे मिश्र रान उताराला अधिक सांभाळते.

सह्याद्रीच्या उभ्या उतारांवर या कामात अग्रेसर आहे ती कारवी. पुरुषभर किंवा त्याहून उंच वाढणारे हे झुडूप अवघड कड्यांवर दाटीने उगवते. सात वर्षे ते नुसते वाढते. आठव्या वर्षी सारा डोंगर निळ्या-जांभळ्या फुलांनी एकदम फुलून येतो. बी धरले की झुडपे मरतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या जागी नवी रोपे उभी राहतात. कारवीच्या सरळ काठ्यांचे कूड विणून त्यावर शेणमाती लिंपण्याची डोंगरातील घरांची जुनी पद्धत आहे. पाहा, हा किती सुंदर योग आहे! जी कारवी घरात भिंतीची माती धरते, तीच डोंगरावर उताराची माती धरते. वाळ्याचे गवतही असेच गुणी. उन्हाळ्यात माठातील पाण्याला सुगंध यावा म्हणून आपण ज्या मुळ्या घालतो, त्या जमिनीत सरळ खाली दोन-तीन मीटरही उतरतात. म्हणून आज अनेक उष्ण देशांत बांधांवर आणि रस्त्यांच्या उतारांवर वाळ्याच्या रांगा लावतात.

मुळांविषयी आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. झाड तोडले, तरी त्याची मुळे त्याच वर्षी नाहीशी होत नाहीत. ती जमिनीत काही वर्षे टिकून असतात आणि तेवढा काळ मातीला धरूनही ठेवतात. म्हणून झाडे तोडणाऱ्याला वाटते, "बघा, काही झाले नाही!" परंतु मुळे हळूहळू कुजत असतात. नवी झाडे मोठी होण्यापूर्वी जुन्या मुळांचा जोर संपला, की एखाद्या मुसळधार पावसात उतार सुटतो. तोवर कुऱ्हाडीची आठवणही कोणाला उरलेली नसते. वणव्याचेही असेच आहे. गवत जोमाने यावे या समजुतीने उन्हाळ्यात कोणी डोंगराला काडी लावतो. गवत जळते, पाचोळा जळतो, लहान रोपे जळतात. आणि जूनचा पहिला पाऊस येतो, तेव्हा डोंगर उघडा पडलेला असतो. वर्षातला सर्वांत धोक्याचा पाऊस तोच. कारण तेव्हा पांघरूण नसते.

येथपर्यंत आपण वनस्पतींचे गुण पाहिले. पण खरे सांगायचे, तर त्यांच्या शक्तीची मर्यादाही सांगितली पाहिजे. मातीची धूप निराळी आणि दरड कोसळणे निराळे. धूप ही वरवरची असते; तेथे गवत व झाडे यांच्यासारखा रक्षक नाही. दरडीत मात्र मातीचा सबंध थर खडकावरून घसरतो. फळीवर एक जाड घोंगडी पसरा, फळी तिरपी करा आणि घोंगडीवर पाणी ओता. घोंगडी भिजून जड होते, फळी ओलसर होते आणि एका क्षणी सारी घोंगडी सरकते. डोंगरातही तसेच घडते. कित्येक दिवस लागून राहिलेला पाऊस माती व मुरुमात मुरतो आणि खालच्या कठीण खडकाशी येऊन अडतो. तेथे साठलेले पाणी वरच्या थराला आतून ढकलू लागते. मातीचा भार वाढतो आणि तिची पकड सुटते. बहुतेक झाडांची बहुतेक मुळे वरच्या एक-दोन मीटर मातीतच असतात. सुटण्याची जागा त्याहून खोल असेल, तर मातीबरोबर झाडेही उभीच्या उभी खाली येतात.

२०२३ सालच्या १९ जुलैच्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. इर्शाळगडाच्या त्या परिसरात झाडी होती. परंतु इतक्या पाण्यापुढे ती अपुरी ठरली. याउलट पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावाची कथा. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराचा कडा सुटून गावावर आला आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. तेथे उतारावर जमीन सपाट करताना मूळची झाडी आणि पाण्याच्या वाटा मोडल्या गेल्या होत्या, हे अभ्यासकांनी दुर्घटनेचे एक कारण म्हणून नोंदवले. म्हणजे झाडे आहेत म्हणून निर्धास्त राहणे चूक, आणि दरडीपुढे झाडांचे काय चालणार म्हणून ती तोडणे ही त्याहून मोठी चूक. झाडे धोका कमी करतात. तो नाहीसा करत नाहीत. म्हणून झाडांच्या जोडीला माणसाची सावधगिरी हवी. डोंगराचा पायथा खणून काढू नये, कारण पायथा हा वरच्या साऱ्या उताराचा टेकू असतो. पाण्याच्या नैसर्गिक वाटा बुजवू नयेत. उभ्या उताराच्या ऐन तोंडाशी घरे बांधू नयेत.

झाडे आणखी एका प्रकारे आपल्या उपयोगी पडतात. ती उताराचे पहारेकरी आहेत. माती अतिशय सावकाश सरकत असेल, तर त्यावरच्या झाडाचा बुंधा मुळाशी वाकतो आणि वर पुन्हा सरळ होतो. कारण झाड प्रकाशाकडे वाढू पाहते. एका जागची पुष्कळ झाडे अशी वाकलेली दिसली, तर त्या उताराकडे लक्ष ठेवावे. पावसाळ्यात सरळ झाडे एकाएकी कलू लागली, जमिनीला नव्या भेगा पडल्या, निवळ वाहणारा झरा अचानक गढूळ झाला किंवा जेथे कधी नव्हते तेथून पाणी फुटू लागले, तर ती डोंगराची हाक समजावी. घरच्या व गावच्या वडीलधाऱ्यांना ताबडतोब सांगावे आणि सर्वांनी सुरक्षित जागी जावे. सामानसुमान आवरण्यात वेळ घालवू नये. घर पुन्हा बांधता येते.

डोंगराखाली राहणाऱ्या माणसांना हे शहाणपण फार पूर्वीपासून कळले होते. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स पर्वताच्या कुशीत आंडरमाट नावाचे गाव आहे. डोंगरावरून कोसळणाऱ्या बर्फापासून गावाला वाचवणारे एक लहानसे रान त्याच्या माथ्यावर होते. १३९७ साली तेथील लोकांनी लेखी बंदी घातली, की या रानातून कोणीही लाकूड नेऊ नये. आपल्या सह्याद्रीत असा लेख नव्हता. पण देवराई होती. देवाच्या नावाने राखलेल्या रानावर कोणी कुऱ्हाड चालवत नसे, वाळलेली काटकीही घरी नेत नसे. बर्फ तेथला, पाऊस इथला. वर रान राहिले तर खाली गाव राहते, हे मात्र दोन्हीकडच्या लोकांनी ओळखले होते.

येत्या पावसाळ्यात एक गोष्ट करून पाहा. जोराचा पाऊस थांबला, की तुमच्या गावाजवळच्या ओहोळाचे थोडे पाणी एका मोठ्या माणसाला बरोबर घेऊन काचेच्या पेल्यात भरून आणा. पेला रात्रभर तसाच ठेवा. सकाळी तळाशी बसलेली माती बोटाच्या पेराने मोजा. मग ज्या दिशेने तो ओहोळ आला, त्या डोंगराकडे मान वर करून पाहा. त्याच्या अंगावर पांघरूण कोठे आहे आणि ते कोठे फाटले आहे, हे तुम्हांला आपोआप दिसू लागेल. आणि जेथे ते फाटले आहे, तेथे ते पुन्हा विणण्याचे काम गवताच्या एका काडीपासूनही सुरू करता येते.